स्कूल बस सर्व्हिस, जुळे सोलापूर रूट : मामांना पाच स्टार, मालकाला दोन

ग्रुपवर मालकाचा मेसेज आलाय, सर्व पालकांनी आपला अनुभव लिहावा, पाच स्टार द्यावेत, पुढच्या महिन्याच्या फीमध्ये 100 रुपये सवलत. मार्चमध्ये आमची बस रस्त्यात पेटली आणि ड्रायव्हर मामांनी सगळी पोरं सुखरूप खाली उतरवली, म्हणून बसलो लिहायला. ते 100 रुपये त्यांनी ठेवून घ्यावेत. सर्व्हिसचं नाव टाकत नाही, मालकाच्या पाच-सहा गाड्या फिरतात सोलापुरात, ज्यांची पोरं जातात त्यांना चार ओळीत कळेलच, आणि नाव टाकलं की राग निघणार कुणावर तर मामांवर, ते नकोय मला.

आधी रोजचं सांगतो, फक्त आगीचं वाचायला आला असाल तर हा पॅरा सोडून द्या. फी महिना 1500, जुळे सोलापूर ते गावातली शाळा. सकाळची शाळा असली की गाडी पावणेसातला कोपऱ्यावर, पाच मिनिटं इकडं तिकडं, त्यात तक्रार नाही. सीट कडक आहेत, डाव्या बाजूच्या दोन काचा खालीच येत नाहीत, आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी साडेबाराला त्या गाडीत बसून बघा म्हणजे कळेल, पोरगी घरी येते तवा शर्ट पिळून काढावा असा. जीपीएसचं ॲप आहे म्हणून वर्षाचे वेगळे 600 घेतले, त्या ॲपवर आमची गाडी रविवारी सुद्धा सात रस्ता चौकात उभी दिसते, बहुतेक तिथंच तिनं फ्लॅट घेतलाय. गड्डा यात्रेच्या वेळेस मामा चार दिवस सुट्टीवर होते तर बदली ड्रायव्हर पाठवला, तो एका हातात मोबाईल धरून चालवणारा, मी समोरून बघितलं आणि ते चार दिवस पोरीला माझ्या टू-व्हीलरवरून सोडलं. एकूण सर्व्हिस म्हणजे हीच, पैसे घेतात, गाडी येते, बाकी देवाची कृपा.

पण गाडीवर जे मामा आहेत त्यांची गोष्ट वेगळी. मूळ अक्कलकोटच्या बाजूचे, बोलण्यात कानडी हेल, पोरांना ओरडतात पण पोरं हसतात. नाव लिहीत नाही, सगळे मामाच म्हणतात. सोबत एक मावशी असतात, सकाळी शाळेची ट्रिप, दुपारनंतर घरी विड्या वळतात. मामांची एक सवय मला सुरुवातीला विचित्र वाटायची. सकाळी शेवटचं पोरगं चढलं की बॉलपेननं डाव्या तळहातावर आकडा लिहितात. 21. 24. कधी 19. मी एकदा विचारलं मामा हजेरीची वही दिलीय ना मालकानं, तर म्हणले, "वही गाडीत ऱ्हाती, हात माझ्यासंगं येतो की." तेव्हा मी हसलो होतो.

दुसरी सवय, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळेच्या गेटसमोर गाडी उभी करून पोरांकडून रेल्वे-रेल्वे खेळून घेणार. मागचं इमर्जन्सीचं दार उघडायचं, सातवीची दोन मोठी पोरं आधी खाली, ती स्टेशन मास्तर, मग प्रत्येकानं पुढच्याचा शर्ट मागून धरायचा, वाकून चालायचं, दाराशी आलं की उडी मारायची नाही, कडेला बुड टेकवून घसरायचं. दप्तर आतच. आमची पोरगी घरी सोफ्यावरून असं घसरून दाखवायची अन् आम्ही म्हणायचो हे काय शिकवतायत शाळेत. काही पालकांनी तक्रार पण केली होती की उशीर होतो, युनिफॉर्म मळतो. मी नव्हतो त्यात, पण गप्प होतो हे पण खरं.

मामांना विचारलं हे खूळ कुठनं आलं तर त्यांनी पंजाबचं सांगितलं. 15 फेब्रुवारी 2020, संगरूर जिल्ह्यातलं लोंगोवाल, शाळेची जुनी व्हॅन पेटली, 4 लहान पोरं गेली. त्याच व्हॅनमध्ये अमनदीप कौर म्हणून नववीतली मुलगी होती, तिनं चार पोरांना बाहेर काढलं. मामा म्हणले, "तितं नववीची पोरगी धावली. आपण ड्रायवर हाव, आपल्याला त्याचा पगार हाय." तेव्हापासून रोज सकाळी गाडी काढायच्या आधी मागचं दार एकदा उघडून बघतात, कडीला तेल सोडतात. कित्येक गाड्यांचं ते दार वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं, कडी गंजून बसलेली असते नाहीतर दारासमोर जादाची सीट टाकलेली असते, हे मी स्वतः बघितलंय.

स्वतः म्हणजे, माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिणार आहे, कंटाळा आला तर माझी चूक नाही.

दिवस मार्चमधला, शुक्रवार, दुपारची परतीची ट्रिप. कंबर तलाव (आता संभाजी तलाव म्हणायचं पण जीभ वळत नाही) मागं टाकून गाडी विजापूर रोडनं सैफुलकडं निघालेली. मावशी सांगतात आधी वास आला, जळक्या वायरचा. मामांनी लगेच म्हणलं वास येतोय का, अन् उत्तराची वाट न बघता गाडी डावीकडं दाबली. तोवर डॅशबोर्डच्या खालनं धूर. ही जुन्या धर्तीची मिनी बस, इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी आत, वर झाकण, आणि चढायचं दार बरोबर त्याच्या बाजूला. म्हणजे आग लागली की पहिलं दार बंद. हा ज्यानं कुणी डिझाइन केला त्याला माझ्या गॅरेजला चहाला बोलवायचंय.

मामांनी हँडब्रेक ओढला, चावी बंद, आणि सीटच्या मागचा लाल कट-ऑफ, म्हणजे बॅटरी तोडायचा स्विच, फिरवला. आणि ओरडले, "ए बे, दप्तर सोडा बे! रेल्वे लावा रेल्वे!" पोरगी म्हणते आम्हाला वाटलं आज शनिवार नाही तरी खेळतोय. अर्ध्या पोरांना खाली उतरेपर्यंत कळलंच नव्हतं की खरी आग आहे. मावशींनी मागचं दार ढकललं, एका धक्क्यात उघडलं. मोठी दोन पोरं उतरली, बाकीची घसरायला लागली. मामा स्वतःच्या दारानं खाली उतरून पुढं आले, हातात फायर एक्स्टिंग्विशर. पिन काढली आणि खिडकीतनं इंजिनच्या झाकणाच्या फटीवर, जिथनं ज्वाळ निघत होती तिच्या बुडाशी मारला. झाकण उघडलं नाही हे लक्षात घ्या, घाबरलेला माणूस पहिलं तेच करतो, झाकण उघडलं की आत हवा घुसते आणि भडका तोंडावर येतो. पहिला सिलिंडर दहा-बारा सेकंदात संपला. लोकांना वाटतं तो सिलिंडर म्हणजे बंबासारखा चालत राहतो, तसं नसतं. दुसरा मागच्या दाराजवळ लावलेला, तो मावशींनी आणून दिला, तोही संपला. आग विझली नाही. पण दबली, आणि तेवढ्यात मागनं पोरं उतरत होती.

एक पोरगा अडकला. पहिलीतला, सांगितलेलं दप्तर काढलंच नाही, पट्टा सीटच्या दांडीत गुंतला आणि तो जागेवर रडायला लागला, मागची रेल्वे थांबली. मावशी खाली पोरं धरत होत्या. मामा मागनं आत शिरले, धूर तोवर छपराला लागून मागपर्यंत आलेला, वाकून गेले, पट्टा सोडवायच्या नादाला लागलेच नाहीत, पोराचे दोन्ही हात वर केले आणि अंगातनं बनियन काढावी तसं त्याला दप्तरातनं खाली ओढून काढलं. दप्तर तसंच लटकत राहिलं. ते दप्तर मी नंतर बघितलं, म्हणजे त्याचं बक्कल बघितलं.

सगळ्यांना रस्त्याच्या कडेनं मागं, शंभर पावलं तरी असतील, एका रसवंतीच्या मांडवात नेऊन बसवलं. मावशींनी मोजायला घेतलं, त्या घाबरल्या की तेलुगूत मोजतात, ओकटी, रेंडू, मूडू करत, चोवीस आले. मामांनी हात बघितला, घामानं पुसट झालेलं पण दिसत होतं, 23. परत मोजा. परत चोवीस. आता कमी आलं असतं तर माणूस आगीकडं पळेल, जास्त आलं तर काय करायचं? मामा एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजत गेले, आणि ओळीच्या शेवटी रसवाल्याचा पोरगा, तो पण त्याच वयाचा, यांच्यातच मांडी घालून बसलेला, आपल्याला पण मोजतील म्हणून. रसवाल्यानं नंतर सगळ्यांना रस दिला, पैसे घेतले नाहीत, त्यालाही माझ्याकडनं पाच स्टार.

हे सगळं व्हायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मला मावशींचा फोन आला, "दादा, सगळी पोरं खाली हायती, बस पेटली, तुम्ही या." वाक्याचा क्रम बघा, आधी पोरं खाली, मग बस पेटली. मामांनी तसंच सांगायचं म्हणून बजावलेलं. तरी माझे पाय गेले. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला आग म्हणलं की दुसरं काही आठवत नाही, 18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखाना पेटला आणि 8 जण गेले, त्या दिवशी माझ्या गॅरेजचा पोरगा तिकडं राहणारा म्हणून आम्ही गेलो होतो, तो धूर डोळ्यापुढं आला. गॅरेज उघडं टाकून निघालो, हेल्मेट कुठं राहिलं ते अजून सापडलेलं नाही. पोहोचलो तर पोरगी रसाचा ग्लास धरून बसलेली, ओठावर पांढरी मिशी, म्हणे, "पप्पा माझी कंपास जळली."

फायर ब्रिगेडची गाडी आली, उरलेलं विझवलं. पुढचा अर्धा भाग सांगाडा, मागच्या चार सीट शिल्लक. सीटचा फोम आणि रेक्झिन असा धूर सोडतो की दोन श्वासात माणूस आडवा होईल, आग अंगाला लागायच्या आधी.

आता कारण. माझं मत म्हणून सांगतोय, पंचनाम्यात काय लिहिलं ते वेगळं. अल्टरनेटरकडनं (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बॅटरीला येणारी जाड केबल एका पत्र्याच्या कडेला घासत होती, क्लिप तुटलेली, वरचं रबर जाऊन तांबं उघडं, तिथं बॉडीला लागली की ठिणगी. एवढ्यावर भागलं असतं, पण मालकानं दिवाळीत गाडीला साउंड सिस्टीम, निळ्या एलईडी पट्ट्या आणि ड्रायव्हरजवळ दोन फॅन टाकले, सगळं बॅटरीवरनं डायरेक्ट, मधे एक फ्यूज नाही, जॉइंटला नुसती टेप, आणि तो सगळा गुंडाळा त्याच केबलला झिप टायनं बांधलेला. दहा-वीस रुपयाचा फ्यूज. कुणी केलं माहीत नाही, माझ्याकडं आली नव्हती गाडी त्या कामाला, आली असती तर मी केलं नसतं असं छातीठोक म्हणायला आवडेल. कागदपत्रं सगळी बरोबर होती हां, आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ते होतं, इन्शुरन्स होता. फिटनेसला गाडी नेताना स्पीकर काढून ठेवलेले, हे मला मामांनीच सांगितलं.

आणि तो लाल कट-ऑफ. तो मी बसवलाय. गेल्या पावसाळ्यात मामा स्वतः गाडी घेऊन आले, म्हणले बॅटरी एका झटक्यात तुटली पाहिजे असं काहीतरी लावून द्या. मालकाला फोन लावला, मालक म्हणला कंपनीनं दिलं नाही ते कशाला, नको. मामांनी खिशातनं साडेसहाशे दिले. मी घेतले. आता रात्री झोपताना आठवतं, त्या माणसाकडनं मी फिटिंगचे दीडशे सुद्धा सोडले नाहीत. त्या दिवशी चावी बंद करून त्या डायरेक्ट वायरींचा करंट थांबला नसता, त्या चावीच्या आधीच जोडलेल्या, कट-ऑफ फिरवल्यावर थांबला. परवा पैसे परत द्यायला गेलो तर घेईनात, म्हणले, "वस्तू चालली की, पैसे कशाला परत?"

सिलिंडरचं पण तेच. पावडर तळाला बसून घट्ट होते, म्हणून मामा महिन्यातनं एकदा दोन्ही काढून उलटे करून तळव्यानं ठोकतात, दाबाचा काटा हिरव्यात आहे का बघतात. रिफिलची तारीख गेली होती तर मालकाच्या मागं तीन आठवडे लागून भरून घेतले. मालकाचं म्हणणं, वापरलाच नाही तर भरायचा कशाला.

आता मालकाला दोन स्टार का, एक का नाही, तर गाडी वेळेवर येते आणि मावशी ठेवल्यात म्हणून. आगीनंतर काय केलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी पेपरवाले आले तर फोटोत मालक मधे, फुलांचा हार मालकाच्या हातात, मामा कडेला. सोमवारपासून आमच्या 23 पोरांना एका व्हॅनमध्ये कोंबून नेलं, पुढं ड्रायव्हरजवळ तीन पोरं, मी नकार दिला. चौदा दप्तरं जळली, पुस्तकं, चष्मे, एकाची श्रवणयंत्राची डबी, विचारलं तर उत्तर आलं की देवाच्या कृपेनं पोरं वाचली, दप्तराचं काय घेऊन बसलात. आणि सगळ्यात वर, गाडी बंद म्हणजे मामांचा पगार बंद. तीन आठवडे. तळहाताला फोड आलेले, सिलिंडरची नळी धरायला गेले तवा तापलेला पत्रा लागला, तो मलमपट्टीचा खर्च स्वतःचा. आम्ही काही पालकांनी मिळून रक्कम जमवली, मामांना द्यायला गेलो तर ते घरात नव्हते, दुसऱ्याच्या रिक्षावर गेलेले, मामींच्या हातात दिली.

शाळेत पण गेलो. महाराष्ट्रात 2011 पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी असतो. मी विचारलं आमचा प्रतिनिधी कोण. क्लार्कनं फाईल काढली, धूळ झटकली, त्यात ज्यांचं नाव होतं त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आता. आता नवीन समिती झालीय, माझं नाव टाकलंय, पहिल्याच मीटिंगला मी गाड्यांच्या वायरिंगचा विषय काढला तर दोन गाडीमालक माझ्याशी बोलेनासे झालेत, गिऱ्हाईक होते माझे. 2022 मध्ये केंद्रानं स्कूल बसमध्ये पोरं बसतात त्या भागात सुद्धा आगीचा अलार्म वगैरे यंत्रणा आणायचं नोटिफिकेशन काढलंय, चांगलं आहे, पण ते नव्या गाड्यांचं, आपल्या पोरांना नेणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच्या आधीच्या आहेत, त्यांचं आपल्यालाच बघायला लागणार.

तेव्हा कुठल्याही सर्व्हिसला पैसे भरायच्या आधी, माझं ऐका, ॲप दाखवतील, एसी दाखवतील, त्यात जाऊ नका. गाडीत चढा. मागचं दार स्वतःच्या हातानं उघडून बघा, मावशीला उघडायला लावा, तिच्यानं उघडलं पाहिजे. सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का बघा. डॅशबोर्डखाली वाकून बघा, टेप गुंडाळलेल्या वायरींचं घरटं दिसलं की विचारा फ्यूज कुठाय. निळे लाईट असले तर मी तरी बसवणार नाही. गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर टाकला की फिटनेसची तारीख दोन मिनिटात दिसते. आणि ड्रायव्हरला विचारा आज किती पोरं आहेत. "असतील की वीस-बावीस" म्हणला तर दुसरी गाडी बघा.

आमची पोरगी पुन्हा मामांच्याच गाडीनं जाते. गाडी दुसरी आली, जुनीच आहे, पण पहिल्या दिवशी मामा ती थेट माझ्या गॅरेजला घेऊन आले, मी सगळी वायरिंग उघडून बघितली, साउंड सिस्टीम काढून मालकाच्या ऑफिसला पार्सल केली. कट-ऑफ लावला. या वेळी पैसे घेतले नाहीत, मामा रागावून दुसऱ्या दिवशी शेंगा चटणीचा किलोचा डबा ठेवून गेले.

मामांचा फोन नंबर मागू नका, देणार नाही, त्यांना न विचारता कसा देऊ. दुपारी शाळा सुटल्यावर गेटच्या उजवीकडं लिंबाखाली तिसरी गाडी असते. बाहेर उभं राहून डाव्या हातावर पेनानं काहीतरी लिहिणारा माणूस दिसला की तेच.